दोंडाईच्याचं मैदान आणि माझा बंद पडलेला संघ

मुंबईहून दोंडाईच्याला जायचे दोन रस्ते आहेत. एक नाशिक-धुळ्यावरून, सडकेनं. दुसरा रेल्वेचा. आधी उत्तरेला सुरत, तिथून उधन्याला पूर्वेकडे वळायचं आणि तापीच्या खोऱ्यातून खान्देशात उतरायचं. नकाशात हा वळसा वाटतो, पण आजोळची आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या याच रस्त्यानं मुंबईला येत-जात आली. मीही रेल्वेच धरतो. रात्री खान्देश एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी आजोळ.

यंदाच्या हिवाळ्यात मामांच्या नातीचा साखरपुडा होता. थंडी होती म्हणून स्वेटरच्या आत एक जुनी पिवळी जर्सी घातली होती. मुंबई एफसी या फुटबॉल संघाची. हा संघ आता नाही. २०१७ साली तो देशाच्या तेव्हाच्या अव्वल लीगमधून, म्हणजे आय-लीगमधून, खालच्या श्रेणीत गेला आणि नंतर बंदच पडला. पण जर्सी अजून अंगाला होते आणि मी ती वापरतो.

उजाडायच्या सुमाराला नवापूर आलं. या स्टेशनाच्या मधूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. फलाटावरचं एक बाकडं अर्धं एका राज्यात, अर्धं दुसऱ्या राज्यात. गाडी थांबली की हौशी लोक खाली उतरून त्याचा फोटो काढतात. चहा घ्यायला मीही उतरलो. समोरच्या बर्थवरचा अमळनेरला निघालेला कॉलेजचा मुलगा खिडकीशी मोबाइल धरून फुटबॉल बघत होता. परत येऊन बसलो, गरम व्हायला लागलं म्हणून स्वेटर काढला, तर त्याची नजर जर्सीवर गेली.

"कोणता क्लब, काका?"

सांगितलं. त्याला माहीत नव्हता. मग त्यानं आपला सांगितला, लेस्टर सिटी. मला नवल वाटलं. खान्देशातला पोर आणि लेस्टर? पण हिशेब सोपा होता. २०१६ साली लेस्टरनं कोणाच्या ध्यानीमनी नसताना इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा हा चौथी-पाचवीत असेल. त्या वयात मन बसलं की बसलं. पुढे तोच संघ २०२३ मध्ये खालच्या श्रेणीत गेला, २०२४ मध्ये वर आला आणि २०२५ मध्ये पुन्हा खाली गेला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय, येतील वर," तो म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला.

त्या 'येतील'मध्ये कुठलीही शंका नव्हती. मला त्या मुलाचा हेवा वाटला. संघ खाली गेल्याचं दुःख मलाही ठाऊक आहे, पण पुढच्या वर्षी वर येईल असं म्हणायची सोय माझ्यापाशी उरलेली नाही.

खांडबारा गेलं, नंदुरबार आलं. डब्यात चहा-भजी आली, निम्मी माणसं उतरली, तेवढीच चढली. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या, हरभरा, मधूनच पपईच्या बागा. माझ्या डोक्यात मात्र कूपरेज सुरू झालं होतं.

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेनं मंत्रालयाकडे चालत गेलं की कूपरेज लागतं. मुंबईच्या फुटबॉलचं हे जुनं घर. १८९१ साली ब्रिटिश पलटणींसाठी सुरू झालेला रोव्हर्स कप पुढे इथेच रंगायचा आणि त्याच्या अंतिम सामन्याला गिरण्यांपासून गोदीपर्यंतची माणसं लोटायची. मुंबई एफसी हा संघ २००७ साली निघाला, २००८ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि पुढचे नऊ हंगाम देशाच्या अव्वल लीगमध्ये टिकून राहिला. मैदानाचं काम निघालं तेव्हा घरचे सामने पुण्याला बालेवाडीत व्हायचे. तरी माणसं जायची. आम्ही पाठीराखे स्वतःला यलो ब्रिगेड म्हणवून घ्यायचो. ढोल, पिवळे झेंडे, घसा बसेपर्यंत घोषणा.

हा संघ अव्वल लीगचा विजेता कधीच झाला नाही. त्याची ख्याती वेगळीच होती. दरवर्षी तो बुडायला यायचा आणि दरवर्षी वाचायचा. हे काम खालिद जमील या प्रशिक्षकाचं. २००९ पासून २०१६ पर्यंत संघ त्यांच्या हाती होता. हाती पैसा थोडा, नावाजलेले खेळाडू त्याहून थोडे, तरी शेवटच्या काही सामन्यांत ते कुठून तरी गुण जमवून आणायचे. शेजारच्या मोठ्या संघांचे पाठीराखे चषक मोजायचे, आम्ही तळापासूनचं अंतर मोजायचो. त्यातही एक सुख होतं. घरच्या मैदानावर रडतखडत मिळवलेला एक-शून्य विजय आम्हाला आठवडाभर पुरायचा.

२०१६-१७ च्या हंगामात खालिद जमील मिझोरामच्या ऐजॉल संघाकडे गेले. त्या वर्षी लीगमध्ये दहा संघ होते. अठरा सामन्यांनंतर मुंबई एफसी दहावा आला आणि खाली गेला. त्याच वर्षी त्याच लीगचा विजेता ठरला ऐजॉल. ३७ गुण, मोहन बागानपेक्षा फक्त एक जास्त. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला झालेल्या शेवटच्या सामन्यात ऐजॉलला बरोबरी पुरली. त्या चमूत मुंबई एफसीकडून गेलेला जयेश राणेही होता. आपला संघ तळाला आणि आपली माणसं शिखरावर, हे दोन्ही एकाच वेळी सोसणं अवघड असतं. पण मला आनंदच झाला होता. आमच्यातच उभा राहिलेला माणूस काय करू शकतो, ते देशानं पाहिलं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमीलच भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

ऐजॉलच्या गोष्टीतला खरा मुद्दा त्याच्या आदल्या वर्षात आहे. २०१५-१६ मध्ये हाच ऐजॉल संघ खाली गेला होता. त्यानंतर धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तीन संघांनी देशाच्या फुटबॉल महासंघाच्या धोरणाविरुद्ध माघार घेतली, जागा रिकाम्या झाल्या आणि ऐजॉलला पुन्हा वर घेण्यात आलं. म्हणजे ज्या संघाची लीगमधून गच्छंती झाली होती, तोच बारा महिन्यांत देशाचा विजेता. आणि आमच्या वर्षी नवव्या क्रमांकावर राहिलेला मिनर्व्हा पंजाब तर पुढच्याच हंगामात, २०१७-१८ ला, विजेता झाला. तळाला असणं म्हणजे संपणं नव्हे, याचा याहून मोठा पुरावा भारतीय फुटबॉलमध्ये शोधूनही सापडणार नाही.

म्हणूनच मुंबई एफसी खाली गेला तेव्हा पहिल्या आठवड्याची शरम ओसरल्यावर आमच्यात एक जिद्द आली होती. दुसऱ्या श्रेणीत खेळू. लहान संघ येतील, तिकीट स्वस्त असेल, मुलाबाळांना घेऊन जाऊ, कूपरेज आपलंच आहे. संघ पडतीच्या काळात असताना पाठीराख्याला आपली गरज जास्त आहे असं वाटतं, आणि तसं वाटण्यात मोठं बळ असतं. आम्ही त्या बळावर वाट बघत होतो. पुढच्या हंगामाच्या दुसऱ्या श्रेणीची यादी आली, तर तिच्यात आमचं नावच नव्हतं. वरिष्ठ संघ बंद झाला होता. हरलो असतो तर रडलो असतो, भांडलो असतो. इथे भांडायला मैदानच उरलं नाही.

दोंडाईचा आलं. स्टेशनाबाहेर रिक्षा, उसाचा रस, आणि नाकाला झोंबणारा तो ओळखीचा वास. हिवाळ्यात हे गाव आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. नंदुरबारसारखीच इथेही लाल मिरचीची मोठी उलाढाल असते. मामांचं अडतीचं दुकान आहे. घरी पोचून चहा होतो न होतो तोच ते मला पथारीवर घेऊन गेले.

पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान, त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत मिरची वाळत घातलेली. ऊन वर आलं की तो लाल रंग डोळ्यांत खुपतो. कडेला बायका ओळीनं बसल्या होत्या. नाकातोंडाला ओढणी आणि पदर घट्ट बांधलेले, फक्त डोळे उघडे. एक हात मिरची उचलतो, दुसरा देठ खुडतो, आणि रंग उडालेली फापडा मिरची बाजूच्या ढिगात पडते. हात इतके झरझर चालतात की नजर मागे पडते. मला ठसक्यावर ठसके लागत होते, त्यांना एकही नाही. मामांनी एक मिरची उचलली, कानाजवळ नेऊन हलवली. आतलं बी खुळखुळलं. मग मधोमध मोडली, कट्‌ असा आवाज आला. "ही वाळनी," ते म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे वळले. भाव किती, पाऊस किती नडला, माल कुठे जाणार, हे सगळं चालता चालता कानावर पडत होतं.

दुपारी जेवायला कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. भरिताची वांगी हिवाळ्यातच खावीत. जेवताना मामांचं लक्ष जर्सीकडे गेलं. त्यांना फुटबॉल कळत नाही, पण भाचा कोणत्या तरी संघाच्या मागे फिरायचा एवढं माहीत होतं.

"तुनी टीम बंद पडनी म्हंतस, ते खरं शे का?"

"खरं आहे, मामा."

"मालक कोन व्हता?"

"एक मोठी कंपनी."

"मंग तुमनं काय व्हतं त्यामा?"

आयुष्यभर अडतीवर बसलेल्या माणसाचा तो सरळ प्रश्न होता. माल कोणाचा, पैसा कोणाचा, जोखीम कोणाची. मी गप्प राहिलो, कारण खरं उत्तर मला नीट माहीत होतं. आमचं त्यात काहीच नव्हतं. आवाज आमचा, रविवार आमचे, प्रवास आमचे. पण कागदावर आमचं बोटभरही काही नव्हतं. म्हणून ज्या दिवशी संघ बंद करायचं ठरलं, त्या दिवशी आम्हाला विचारायचं कोणाला कारणच नव्हतं.

हे एकट्या मुंबई एफसीचं नाही. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये लीगमधून बाहेर पडला. यातले महिंद्रा आणि पुणे तर खाली गेलेही नव्हते. कित्येकांना वाटतं की खालच्या श्रेणीत पडायची टांगती तलवार काढून घेतली की संघ सुरक्षित राहतात. २०१४ ला सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या अकरा हंगामांत एकही संघ खाली गेला नाही. तरी एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला आणि २०२५ मध्ये तोही दिल्लीला निघून गेला. २०२५ च्या जुलैत तर करारांच्या घोळात पुढचा सगळा हंगामच अडकला. पडायची भीती काढून टाकली म्हणून मरणाची भीती गेली असं झालं नाही. उलट ज्या लीगमध्ये पडता येत नाही, तिथे उठून उभं राहायची सवयही कोणाला लागत नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका शाळेच्या मैदानाकडे गेलो. मैदान म्हणजे मुरमाची जागा, कुंपणाला बाभळी. एका टोकाला कबड्डीची रेघ आखलेली, दुसऱ्या टोकाला पंधरा-वीस पोरं फुटबॉल खेळत होती. गोलच्या खांबांच्या जागी दप्तरं. गोलकीपर एक मुलगी, नववी-दहावीतली. तिनं दोन्ही हातांत चपला घातल्या होत्या, पंज्यांसारख्या. बॉल वेगानं आला की ती तो चपलेच्या तळव्यानं फटकन्‌ उडवायची आणि लगेच मागच्या पोरांवर ओरडायची. बॉलची एक शिवण उसवून परत घातलेली, बहुधा चपला शिवणाऱ्याकडूनच, कारण दोरा जाड आणि मेण लावलेला होता.

त्यांचे क्रीडाशिक्षक झाडाखाली उभे होते. बोलता बोलता ते २०१७ सालावर आले. त्या वर्षी देशात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक होता. भारताच्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' राबवलं. एका दिवशी राज्यभरातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा तो कार्यक्रम होता. त्यासाठी शाळाशाळांत बॉल पोचले. इथेही आले. ज्या वर्षी माझा संघ मुंबईत मिटला, त्याच वर्षी दोंडाईच्याच्या या मुरमावर फुटबॉल आला, हे मला त्या झाडाखाली पहिल्यांदा कळलं.

"ते बॉल केव्हाच संपले," सर म्हणाले. "पण पोरांनी खेळ सोडला नाही. आता वर्गणी काढतात."

खेळ थांबल्यावर पोरं भोवती जमली. जर्सी बघून एकानं विचारलं, "काका, मुंबई सिटी का?" मी म्हटलं, नाही, मुंबई एफसी, त्याच्या आधीचा संघ. मग मी विचारलं, हा बॉल कोणाचा? चपलांच्या पंज्यांची मुलगी लगेच म्हणाली, "सगळासना." ज्यानं पैसे दिले त्याचा, ज्याला जमले नाहीत त्याचाही. तो घरी कोणीच नेत नाही, सरांच्या कपाटात राहतो. गेल्या वर्षी त्यांची शाळा तालुक्याला जिंकली आणि धुळ्याला पहिल्याच सामन्यात हरली. "मग?" असं विचारलं, तर तिला प्रश्नच नीट कळला नाही. "मग काय? औंदा परत जाऊत ना."

सकाळी गाडीत ऐकलेलं 'येतील' आणि हे 'परत जाऊत' एकाच जातीचं होतं. दोघांनाही एक गोष्ट गृहीत होती, की पुढच्या वर्षी संघ असणार आहे. पाठीराख्याला एवढंच लागतं. विजय लागतोच असं नाही.

रात्री अंगणात शेकोटीजवळ मामांना मी कोल्हापूरचं सांगितलं. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आहेत आणि तेच फुटबॉलचे संघ आहेत. संघ पेठेचा. खेळाडू शेजारचा, वर्गणी दारातली, ईर्षा पिढ्यांची. शाहू स्टेडियमवरच्या लीगमध्ये तळाचे संघ दरवर्षी खालच्या गटात जातात. पेठेत दोन दिवस सुतक असल्यासारखं असतं, मग माणसं परत सरावाला येतात. तालीम कोणाच्या एकाच्या निर्णयानं बंद पडत नाही, कारण ती कोणा एकाची नसते. मामांना हे लगेच पटलं. आखाडा म्हणजे काय, ते खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

साता समुद्रापलीकडचंही एक उदाहरण सांगितलं. लंडनमधल्या विम्बल्डनचा संघ दुसऱ्या शहराला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा संघ काढला, एएफसी विम्बल्डन. सार्वजनिक मैदानावर कोणीही येऊन खेळून दाखवावं अशी निवड ठेवली आणि थेट खाली, नवव्या श्रेणीतून सुरुवात केली. २०११ मध्ये तो संघ व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये पोचला. गोव्यातल्या धेंपोचं मूळ वेगळं, पण धडा तोच. पाच वेळा देशाचा विजेता झालेला हा संघ २०१५ मध्ये खाली गेला, मग त्यानं माघार घेतली, पुढे गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४ मध्ये खालच्या श्रेणीतून पुन्हा आय-लीगमध्ये आला. संघ जिवंत ठेवला होता, म्हणूनच वर यायचा दिवस उगवला.

परतीच्या गाडीत माझा राग कमी झाला होता असं नाही. मुंबईचा केंकरे एफसीही २०२३ मध्ये आय-लीगमधून खाली गेला, तेव्हा त्याच्या पाठीराख्यांसाठी माझा जीव तुटला होता. तो राग राहावा असंच मला वाटतं. पण तो कोणावर काढायचा ते आता स्पष्ट आहे. खाली जाण्यावर नाही. खाली जाणं हा खेळाचा न्याय आहे, तो सोसला पाहिजे. माझी तक्रार त्या व्यवस्थेविरुद्ध आहे जिच्यात हजारो माणसांचा जीव जडलेला संघ एका टेबलावर बंद होतो आणि त्या माणसांना साधं पत्रही येत नाही.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमच्या गावात, तालुक्यात, पेठेत फुटबॉलचा संघ असेल तर त्याचे नुसते प्रेक्षक राहू नका. सभासद व्हा, वर्गणी भरा, हिशेब मागा, त्याच्या कागदावर आपलं नाव येईल असं बघा. संघ नसेल तर शाळेच्या पोरांना एक बॉल घेऊन द्या आणि जिल्ह्याच्या सामन्याला त्यांच्या बाजूनं ओरडायला जा. संघ पुढे हरेल, कधी खालीही जाईल. त्यात तुमचा वाटा असला, तर तो संघ तुम्हाला न विचारता कोणालाही बंद करता येणार नाही.